आमच्या सासऱ्यांचं थडगं

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईने स्थळाची कसून चौकशी केली होती. मुलगा बसडेपोत कायम, सासू तोंडाने फटकळ पण मनाने बरी, खोल्या दोन, नळ बाहेर. सासऱ्यांबद्दल मध्यस्थ एवढंच म्हणाला, "ते काय, आपले थडग्यांची देखभाल करतात." जे त्याने सांगितलं नाही ते मला लग्नानंतर आठवडाभराने कळलं.

त्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांचा चहा घेऊन स्मृतिस्थळावर गेले. ते कोपऱ्यातला एक दगड घासत होते. बाकीच्या दगडांवरून नुसता झाडू फिरवलेला, पण हा मात्र अगदी कपबशी विसळावी तसा चालला होता. नवी सून म्हणून मी अदबीने विचारलं, "बाबा, हे आपले कोणी नातेवाईक होते का?"

त्यांनी जरा विचार केला. "नातेवाईक नाही म्हणता यायचं," ते म्हणाले. "मीच तो."

मी तशीच घरी पळाले. घरात वेड आहे आणि मध्यस्थाने ते लपवलं, अशी माझी खात्रीच झाली होती. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यात खोटं काय बोलले ते? आणि कप कुठे ठेवून आलीस?"

आमच्या वस्तीला सगळे छावणी म्हणतात. पत्र्याच्या छपराच्या लांबच लांब बराकी आहेत. युद्धाच्या काळात इथे युद्धकैदी ठेवलेले होते, म्हणजे त्यांचे, शत्रूचे. युद्ध संपलं आणि पुढच्या फाटकातून कैदी बाहेर पडले. त्याच दिवशी त्याच फाटकातून निर्वासित आत आले, कारण सरकारला तेवढंच एक फाटक परवडत होतं. सासूबाई सांगतात की घोंगड्या अजून गरम होत्या. साहेबाने ट्रकच्या टपावर उभं राहून सांगितलं, ही सोय तात्पुरती आहे, फार तर सहा महिने. त्या सहा महिन्यांत सासूबाईंचं लग्न झालं, मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, आणि आता माझा मुलगा दाढी करायला लागलाय. सहा महिने अजून संपायचे आहेत.

सासरे त्या कैद्यांपैकी एक. शत्रू म्हणावा तर उंची बेताची, छाती त्याहून बेताची, आणि हात बंदुकीपेक्षा थापीवर बसलेला. त्यांचं घराणं भट्ट्या आणि धुराडी बांधणाऱ्यांचं. सैन्यात भरती झाली तेव्हा गावातून एकेक तरुण उचलून नेला, त्यात हेही गेले, आणि पहिल्याच चकमकीत चिखलात रुतलेला बूट काढताना पकडले गेले. बूट शेवटपर्यंत निघाला नाही, असं ते अजून हळहळून सांगतात. छावणीत त्यांनी बराकींच्या शेगड्या दुरुस्त केल्या, पहारेकऱ्यांच्याही केल्या. त्यामुळे कैदेतही त्यांच्या शब्दाला थोडी किंमत होती.

सुटकेच्या दिवशी काय झालं, याच्या आमच्या घरात दोन हकिगती आहेत. कैद्यांच्या गाड्या उभ्या होत्या, निर्वासितांचे ट्रक आत येत होते. एका ट्रकमधून एक मुलगी उतरली, सासऱ्यांना इथला हमाल समजली आणि म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? ट्रंक उचल." सासऱ्यांनी ट्रंक उचलली. इथवर दोघांचं एकमत आहे. पुढे सासरे म्हणतात, मी ट्रंक ठेवून वळतो तर गाड्या निघून गेलेल्या. सासूबाई म्हणतात, "गाड्या चांगल्या तासभर उभ्या होत्या. हे ट्रंकेवर बसून माझ्याकडे बघत होते."

ते काही असो, कैद्यांची मोजदाद झाली आणि एक माणूस कमी भरला. छावणीचा अधिकारी व्यवहारी होता. हरवलेल्या कैद्यासाठी चौकशी लागते, वरून साहेब येतात, बढती अडते. मेलेल्या कैद्यासाठी फक्त खड्डा लागतो. आजाराने गेलेल्या कैद्यांच्या रांगेत त्याने आणखी एक खड्डा खणून घेतला, दोन पोती वाळू पुरली, वर नावाचा दगड बसवला. आपल्या मरणाला सासरे लांबून हजर होते. बिगुल जरा बेसूर वाजला म्हणतात.

अख्ख्या छावणीला हे माहीत होतं आणि अख्खी छावणी गप्प राहिली. माणुसकी वगैरे ठीकच, पण पहिलाच हिवाळा कडक पडला होता आणि शेगड्यांची खोड फक्त या एका माणसाला कळत होती. शत्रूला धरून द्यायचं आणि रात्रभर कुडकुडत बसायचं, एवढी देशभक्ती कोणाच्याच अंगात नव्हती. लोकांनी त्यांना नवं नाव दिलं, एक जळालेलं गाव दिलं, एका म्हातारीने तर त्यांना आपला पुतण्याच करून टाकलं. सीमेच्या दोन्ही बाजूंची भाषा एकच, शिव्या तेवढ्या वेगळ्या. त्या सासूबाईंनी शिकवल्या. आपसात मात्र सगळे त्यांना दिवंगत म्हणत. "दिवंगत आले का बघ गं, धूर कोंडलाय," अशी हाक मीसुद्धा शंभरदा ऐकली आहे.

त्यांची एक सवय सांगायला हवी. त्यांना कुठूनही, कशीही हाक मारा, क्षणात खणखणीत उत्तर येतं, "आहे!" झोपेत मारा, आंघोळीला असताना मारा, "आहे!" मला सुरुवातीला दचकायला व्हायचं. मग त्यांनी कारण सांगितलं. धुराड्याचं काम करताना एक जण आत उतरतो, दुसरा वर उभा राहून थोड्या थोड्या वेळाने ओरडतो, "आहेस का?" आतल्याने त्याच दमात "आहे" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर धुराने तो बेशुद्ध पडला समजून भिंत फोडून बाहेर काढायचं. म्हणून त्यांच्या घरात पोरांना बोलता यायच्या आधी हे उत्तर द्यायला शिकवत. त्यांची धाकटी बहीण वरून हाका मारायची. "फार कर्कश्श आवाज होता तिचा," एवढंच ते सांगायचे. घरी पत्र धाडायचं तर सीमा बंद, टपाल फोडलेलं, आणि नंतर तर काय, मेलेल्या माणसाने पत्र लिहायचं कसं? बहिणीचा विषय निघाला की ते उठून दगड घासायला जात. मला त्यांची फार कणव यायची, आणि रागही यायचा. कोणाचा ते मला सांगता यायचं नाही.

आता स्मृती समितीबद्दल. आमच्या शहरात आठवणींचा कारभार या समितीकडे आहे. समितीचे अध्यक्ष टाइल्सचे व्यापारी, म्हणून स्मृतिस्थळात खालपासून वरपर्यंत टाइल्स. 'वेदनेची भिंत' तर फिकट गुलाबी आहे, तो माल एका हॉटेलच्या न्हाणीघरातून परत आला होता. लोक भिंतीपुढे नतमस्तक होतात आणि नकळत नळ शोधायला लागतात. वर्षातून दोन दिवस साजरे होतात, एक युद्धकैद्यांचा आणि एक निर्वासितांचा. मंडप तोच, माइक तोच, भाषणंही तीच, फक्त मधला एक शब्द बदलतात. निर्वासितांच्या दिवशी सासूबाईंना स्टेजवर बसवून आठवणी सांगायला लावतात. त्या उभ्या राहिल्या की आधी बराकीच्या तुंबलेल्या गटाराचं सांगतात. अध्यक्ष कानाशी लागतात, "आजी, ते नको, ट्रकचं सांगा." मग त्या ट्रकचं सांगतात. पुढच्या रांगेतले डोळे पुसतात, गटार तसंच राहतं.

शत्रूच्या थडग्यांची देखभाल करायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा सासरे आपणहून पुढे झाले होते. अध्यक्षांना त्याचं भारी कौतुक. "ज्यांच्यामुळे घरदार गेलं त्यांच्याच थडग्यावर फुलं वाहणारा माणूस!" असं ते पाहुण्यांना सांगत, आणि सासरे खाली मान घालून उभे राहत.

सगळं असं सुरळीत चाललं असताना दोन्ही सरकारांत अचानक मैत्री झाली. मैत्रीला काहीतरी देवाणघेवाण लागते. जिवंत माणसांवरून वाद होतील, म्हणून मेलेल्यांची करायची ठरली. इथे पुरलेल्या कैद्यांचे अवशेष सन्मानाने परत द्यायचे आणि ते न्यायला त्यांचे नातेवाईक इथे येणार. अध्यक्ष धापा टाकत आमच्या दारात आले.

"ऐकलंत का? त्या कोपऱ्यातल्याची बहीण हयात आहे! ती स्वतः येतेय त्याला न्यायला!"

सासरे दाराशी चप्पल घालत होते. एक पाय चपलेत आणि एक बाहेर, तसेच खाली बसले.

"भरून आलं ना? मलाही आलं," अध्यक्ष म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही गणवेशात उभे राहायचं. राखणदार पाहिजेच."

दुपारी आमच्या खोलीत छावणीची सभा भरली. थडग्यात वाळू आहे हे सगळ्यांना ठाऊक. खाटीक म्हणाला, हाडं मी देतो, बकऱ्याची असली तरी इतक्या वर्षांनी कोण ओळखतंय? सासरे दुखावले. "माझी बहीण बकरा उराशी धरून नेणार का रे?" मग ते म्हणाले, "मी सरळ सांगून टाकतो." यावर मात्र सगळ्यांचे आवाज चढले. सांगितलं तर शत्रूचा पळालेला कैदी म्हणून यांना सीमेपार टाकतील. खोल्या निर्वासित म्हणून मिळालेल्या, त्या जातील. माझ्या नवऱ्याची नोकरीही निर्वासितांच्या राखीव जागेतली. थोडक्यात, घर वाचवायचं तर यांनी बहिणीसमोर मुक्याने उभं राहायचं आणि तिला वाळू घेऊन रडत जाऊ द्यायचं. सासूबाई एकट्याच काही बोलत नव्हत्या. त्या गप्प बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या, आणि मला भीती वाटली.

"नाही सांगत," शेवटी सासरे म्हणाले.

हाडांची काळजी आम्ही उगाच केली. उकरण्याच्या दिवशी दाखला द्यायला आलेले डॉक्टर कंबरदुखीमुळे खड्ड्यात वाकायला तयार नव्हते. त्यांनी खुर्चीत बसूनच सगळे अवशेष अस्सल ठरवले. अध्यक्षांनी टाइल्सच्या खोक्यांना पॉलिश करून पेट्या केल्या होत्या. 'वरची बाजू' असं लिहिलेलं एका पेटीवर पुसायचं राहिलं होतं. त्याच पेटीत आमची वाळू गेली.

दुसऱ्या दिवशी समारंभ होता. शिष्टमंडळ आलं, दोन्हीकडची राष्ट्रगीतं झाली, एक टेप मध्येच अडकली. नातेवाईक आपापल्या पेटीपाशी गेले. आमच्या पेटीपाशी आली ती एक वाळकी, ठेंगणी बाई, हातात काठी, काखेत पिशवी. सासरे तिच्यामागे, ढगळ गणवेशात, नजर जमिनीत घालून. मी सासूबाईंचा हात धरला होता.

बाई रडली नाही. पेटीकडे बराच वेळ बघत राहिली. मग वाकली, पेटीच्या झाकणाशी तोंड नेलं आणि खरोखरच कर्कश्श आवाजात ओरडली, "दादा! आहेस का?"

"आहे!"

सासऱ्यांनी उत्तर दिलं. द्यायचं नाही असं ठरवलेलं माणूस विसरतो असं नाही, पण लहानपणी हाडात मुरवलेलं उत्तर विचारून थोडंच बाहेर पडतं? मला वाटलं, झालं. खोली गेली, नोकरी गेली, सगळं गेलं.

अध्यक्षांनी माइक ओढला. "बंधूंनो आणि भगिनींनो! किती हृद्य! दिवंगताच्या वतीने आपल्या राखणदाराने उत्तर दिलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शिष्टमंडळातल्या एका साहेबाने शेजाऱ्याला विचारलं, ही इथली प्रथा आहे का? शेजारी म्हणाला, फार जुनी. लगेच दुसऱ्या दोन नातेवाइकांनीही आपापल्या पेटीत हाक मारली, आणि सासऱ्यांना त्यांच्या वतीनेही "आहे, आहे" म्हणावं लागलं.

बहीण मात्र वळून त्यांच्याकडे बघत होती. डोळ्यांकडे, मग कानांकडे, मग हातांकडे. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. अध्यक्षांना ती म्हणाली, "मला गरगरतंय. या राखणदाराच्या घरी जरा टेकते. पेटी उद्या घेईन."

आमच्या खोलीत आल्यावर तिने दार लावलं, काठी भिंतीला टेकवली आणि सासऱ्यांच्या थोबाडीत दिली. मग त्यांच्या गळ्यात पडून अशी रडली की मला बघवेना. सासरेही रडले. ढगळ गणवेशातला तो म्हातारा हुंदके देताना अगदी शाळकरी दिसत होता.

"आई?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"गेली. तू मेलास यावर तिने कधी विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी चूल विझली की धुराड्याखाली उभी राहून तुला हाक मारायची आणि थांबायची. शेवटपर्यंत. आम्ही वेड्यात काढायचो तिला."

सासऱ्यांनी डोळे पुसले आणि उठून उभे राहिले. "चल. मी येतो तुझ्याबरोबर. आत्ता जाऊन सांगतो सगळ्यांना."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "जायचं असेल तर जाऊ द्या त्यांना. मी अडवणार नाही." पण पदराचं टोक त्यांनी असं पिळून धरलं होतं की कापड फाटेल.

"बस खाली," बहीण म्हणाली. "येऊन राहणार कुठे? गावात तुझा पुतळा आहे चौकात. मिशा आहेत त्याला, झुपकेदार. माझा मुलगा हुतात्म्याचा भाचा म्हणून नोकरीला लागलाय. तू आलास तर आधी तुलाच पळपुटा म्हणून तुरुंगात घालतील, मग त्याला घरी बसवतील. जिवंत माणसाची तिकडेही सोय नाही, दादा."

सासरे बसले. "मिशा?" ते हळूच म्हणाले. सासूबाईंना तेवढ्यातही हसू फुटलं, आणि मग दोघी नणंद-भावजया हसता हसता पुन्हा रडायला लागल्या. मी चहा ठेवला. दुसरं काय करणार? संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून सासऱ्यांच्या इतक्या खोड्या काढल्या की त्यांनाच बाहेर जाऊन बसावंसं वाटलं.

निघायच्या आधी सासऱ्यांनी विचारलं, "पुन्हा कधी येशील?"

तिने पिशवीतून परवाना काढून दाखवला. तिला तो मिळाला होता थडगं इथे आहे म्हणून. ज्याचं मेलेलं माणूस इथे पुरलेलं आहे त्याला दर वर्षी येता येतं, असा नव्या मैत्रीचा नियम होता. अवशेष एकदा घेऊन गेलं की इथे आपलं कोणी उरत नाही, मग परवानाही नाही. जिवंत भावाला भेटायचा परवाना दोन्हीपैकी कुठल्याच सरकारने छापलेला नव्हता.

"म्हणजे उद्या पेटी घेतलीस की..." सासरे म्हणाले.

सकाळी पुन्हा मंडप, पुन्हा माइक. एकेक नातेवाईक पेटी घेऊन गाडीत बसत होता. बहिणीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती पुढे आली, काठी आपटली आणि म्हणाली, "मी नाही नेणार."

अध्यक्षांचा चेहरा पडला. साहेब एकमेकांकडे बघायला लागले. एकाने समजावलं, आजी, मातृभूमी वाट बघतेय.

"बघू दे," ती म्हणाली. "माझा भाऊ इथे इतकी वर्षं सुखात आहे. राखणदार चांगला आहे. इथेच राहू दे त्याला."

अवशेष नाकारल्यास काय करायचं, याची तरतूद कोणत्याच करारात नव्हती. तिथल्या तिथे दोन्ही बाजूंच्या साहेबांची बैठक झाली, चहा झाला. मग अध्यक्षांना सुचलं की ही तर सर्वोच्च मैत्री, शत्रूच्या मातीत चिरनिद्रा, आणि या थडग्याला नव्या टाइल्स आपल्यातर्फे विनामूल्य. बिगुलवाल्याला परत बोलावलं. सासऱ्यांना फावडं दिलं.

त्यांनी पेटी खड्ड्यात उतरवली आणि माती लोटायला लागले. बहीण काठावर उभी होती. फोटोवाले पुढे सरसावले, तिने त्यांच्यासाठी डोळ्यांना पदर लावला. पदराआडून ती सासऱ्यांना जे म्हणाली ते मला आणि सासूबाईंनाच ऐकू आलं.

"खोल पूर, दादा. पुन्हा कोणी उकरता कामा नये. मी पुढच्या वर्षी येते."

"ये," सासरे म्हणाले, आणि आणखी एक फावडं माती टाकली.